गाडीची पट्टी आणि बापूसाहेब

“काय हो वहिनी, काल दुपारभर तुमच्या अंगणात हेअर ड्रायर घोंघावत होता. एवढे कोणाचे केस वाळवत होतात?”

“केस कसले! आमचे हे गाडीच्या दाराची बीडिंग काढत होते. ती काळी पट्टी हो, धक्क्याने पत्रा चेपू नये म्हणून असते ती. एका टोकाने सुटून लोंबायला लागली होती.”

“मग जरासा गोंद लावायचा. बापूसाहेबांनी नाही का चैत्रात लावला, तो झटपट चिकटतो तो?”

“आणि वैशाखात पट्टी रस्त्यावर! हे नाही सांगितलं वाटतं त्यांनी? अहो, तो गोंद वाळला की ठिसूळ होतो. उन्हात प्लास्टिक पत्र्यापेक्षा जास्त पसरतं, मग तो तडकतो. जाताना दाराच्या रंगाचा टवकाही घेऊन गेला. फोमचा डबल टेप असला की तो ताण सोसतो.”

“अगंबाई! म्हणून ते हल्ली गाडी गडग्याला खेटून लावतात होय! पण तुमची निघाली कशी? स्क्रू ड्रायव्हरने?”

“छे, त्याला मी हातच लावू दिला नाही. ड्रायरने पट्टी बेताची गरम केली आणि गरीचा तंगूस मागे घालून मागेपुढे ओढला. फोम कापत गेला. खाली रंग बघा कसा नव्यासारखा, आजूबाजूचा मात्र उन्हाने विटलेला.”

“आणि राहिलेला चिकटा?”

“अंगठ्याने चोळून वळ्या काढल्या, उरलेल्यावर रॉकेलचं फडकं. हे लगेच टेप लावायला निघाले होते! म्हटलं, तेलकटपणा राहिला तर टेप धरायचा नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसून घेतलं. मास्किंग टेपने रेघ आखली, कारण हा टेप एकदा टेकला की सरकवता येत नाही. वरचा लाल कागदही सगळा आधी सोलायचा नाही. टोक बाहेर ठेवून पट्टी जागेवर धरायची, मग कागद ओढत ओढत दाबत जायचं. दाबायचं मात्र चांगलं जोर लावून.”

“झालं ना मग? आज बाजारात न्यायची गाडी.”

“न्या की, पण धुवायची नाही. चांगल्या अ‍ॅक्रिलिक टेपची पकड 20 मिनिटांत निम्मी येते, 24 तासांत 90 टक्के, पुरी व्हायला 72 तास. सकाळी भावोजी पाण्याचा पाइप घेऊन आलेच होते, मी नळच बंद केला.”

“बापूसाहेबांना सांगू का हे? परत गोंदाची ट्यूब आणलीय त्यांनी.”

“सांगा ना. फक्त गॅरेजवाला म्हणाला म्हणून सांगा. मी म्हटलं असं कळलं, तर आणखी दोन ट्यूबा आणतील!”