पिणार आहात ना ते?

आप्पांच्या घरी पाणी मागू नये. मागितलंच तर ग्लास रिकामा करूनच खाली ठेवावा. अर्धा ठेवलात की आप्पांचं तुमच्या बोलण्यातलं लक्ष उडालंच. तुम्ही आपले मुलीच्या ॲडमिशनची रडकथा सांगताय आणि ते ग्लासाकडे बघतायत. मग घसा खाकरून, अगदी अदबीनं, "पिणार आहात ना ते?"

तुम्ही "नको" म्हणायचा अवकाश, ग्लास उचलून स्वारी मागच्या दारी. ते पाणी वांग्याला.

हा माणूस तुमच्याही ओळखीचा असणार. दुबईत असेल, मस्कतला असेल, चंद्रपुरात तर गल्लीला एक असेल. आमच्या वाट्याला फीनिक्सचा आलाय. ॲरिझोनाच्या या वाळवंटात मे ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या आसपास मुक्काम ठोकून असतो. शहाणी माणसं पडदे ओढून एसीत बसतात आणि आप्पा पहाटे चारला, जांभळ्या उजेडाची बॅटरी घेऊन भेंडीची विचारपूस करायला निघतात. बॅटरी विंचवांसाठी. त्या उजेडात विंचू हिरवागार चमकतो. आप्पा त्याला चिमट्यानं उचलून बाजूला ठेवतात आणि आळ्यात बोट खुपसून ओल बघतात. विंचवाचं त्यांना काही नाही, तो पाणी मागत नाही.

गृहस्थ मूळचे चिपळूणचे. तिथे आषाढात एका दिवसात पडून जाईल तेवढा पाऊस फीनिक्सला अख्ख्या वर्षात पडतो, जेमतेम अठरा-वीस सेंटिमीटर. जमीन म्हणाल तर दोन वीत खाली कॅलिची, म्हणजे चुनखडीचा थर. पहार आपटली की पहारच परत येते. अशा ठिकाणी माणसानं निवडुंग लावावा, चार गुळगुळीत दगड मांडावेत आणि गप्प बसावं. आप्पांनी वांगी लावली. भेंडी, चवळी, शेवगा, लिंबू लावलं. टोमॅटोही लावला. दिवसा पस्तीस आणि रात्री चोवीसच्या वर पारा गेला की टोमॅटोची फुलं गळतात, जूनमध्ये तो आटोपतोच. तरी सप्टेंबरच्या आशेवर दोन रोपं जगवायची, हा आप्पांचा दरवर्षीचा नेम. त्या दोन रोपांनाही पाहुण्यांचे ग्लास लागतात.

कारण या घरात पाण्याचंही सोवळंओवळं आहे. भाजीला पिण्याचंच पाणी. आंघोळीचं पाणी फक्त लिंबाला. ही आप्पांची लहर नव्हे, राज्याचा नियम आहे आणि तो त्यांना अथर्वशीर्षासारखा पाठ आहे: आंघोळीचं नि कपड्यांचं पाणी दिवसाला 400 गॅलनच्या आत असेल तर अर्जबिर्ज न करता बागेला सोडता येतं. मात्र खायच्या झाडांपैकी लिंबूवर्गीय आणि कवचफळांनाच चालतं. स्वयंपाकघरातल्या सिंकचं वर्ज्य. नळीचं पाणी दुपारी चटका देतं, म्हणून ते आधी बादलीत धरायचं, निवू द्यायचं, मग घालायचं. एकदा आमच्याकडे पूजा होती. तीर्थ घेऊन मी हात डोक्यावरून फिरवला, तर आप्पा हळहळले, "वाया गेलं की हो."

काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं शिजतात, म्हणून कुंड्यांना काकूंच्या जुन्या सुती साड्या गुंडाळलेल्या. काकूंच्या नव्या साड्याही हल्ली सुतीच असतात. आप्पा पुढचा विचार करून पसंत करतात. त्यावरून वसाहतीच्या कमिटीचं पत्र आलं. अंगणात कपडे वाळत घालू नयेत, वसाहतीची शोभा जाते! ऑक्टोबर होता. त्याच आठवड्यात कमिटीनं फाटकापाशी हिवाळी हिरवळीचं बी पेरून घेतलं आणि दिवसातून तीनदा फवारे सुरू केले. पाणी फुटपाथवरून वाहत गटारात. आप्पा तिथे उभे राहून बघत होते. विचारणार कुणाला, पिणार आहात ना ते?

2021च्या जुलैत चिपळूण पुरात बुडालं. भावाच्या घरी पाणी माळ्याला लागलेलं, फोन लागेनात. आम्ही संध्याकाळी जाऊन बसलो. आप्पा कोचावर, मांडीवर फोन. माझ्यापुढचा ग्लास अर्धाच राहिला, काकूंनी तो उचलून सिंकमध्ये ओतला, तरी आप्पांनी मान वर केली नाही. भाऊ सुखरूप असल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. पुढच्याच महिन्यात कोलोरॅडो नदीत पाणी कमी असल्याचं सरकारनं जाहीर केलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. इथल्या नळाला त्या नदीचंही पाणी येतं. बातमी वाचून आप्पा एवढंच म्हणाले, "थोडं इकडं धाडता आलं असतं." आणि पेपर घडी करून ठेवला.

खरं तर एवढ्यावर मी हा लेख आवरता घेणार होतो. पण एक उपकार सांगायचा राहतो, आणि तो न सांगणं बरं दिसणार नाही.

2023च्या जूनअखेरीपासून फीनिक्समध्ये रोज 43 अंशांच्या वर पारा, आणि असे सलग 31 दिवस. एका रात्री तर तो 36च्या खाली उतरलाच नाही. सग्वारो निवडुंग रात्री श्वास घेतात. रात्र निवेना, तेव्हा जुनी, पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर चढलेली धुडं कोसळायला लागली. नेमका तेव्हा आमचा एसी गेला. दुरुस्तीवाल्याचा नंबर चार दिवसांनी. रात्री दहाला आप्पा दारात, गाडी चालूच.

"चला. पोरांना घ्या, बाकी राहू दे."

स्वतःची खोली आम्हाला दिली. नवराबायको हॉलमध्ये गाद्या टाकून निजले. काकूंनी गरम खिचडी वाढली, वर तुपाची धार. एका शब्दानं अवघडल्यासारखं होऊ दिलं नाही. सकाळी आंघोळीला गेलो तर शॉवरखाली भला मोठा प्लास्टिकचा टब, आणि दाराबाहेरून आप्पांचा आवाज, "त्यात उभं राहूनच करा हं. साबण जरा बेतानं."

आम्ही चौघं. दोन वेळा आंघोळी. चौथ्या दिवशी एसी सुरू झाला, तसा आप्पांचा चेहरा उतरला. "एवढी घाई काय आहे? उन्हाचे दिवस, राहा अजून आठवडाभर." गाडीत बसल्यावर बायकोनं डोळे टिपले. म्हणाली, परक्या देशात असं कोण करतं?

मी "हो ना" म्हटलं. लिंबू चार दिवसांत केवढा तरारला होता, ते तिनं पाहिलं नव्हतं.