ओरखड्याची थोरवी

शहाणी माणसे फोटोवरचे डाग काढतात. त्यांचा मान आहेच. पण आज मला बाजू घ्यायची आहे ती दुसऱ्यांची. लाखभराच्या कॅमेऱ्याने काढलेला, भुवईचा केस न् केस मोजता येईल असा फोटो संगणकावर उघडून त्याच्यावर रात्र जागवून ओरखडे, धूळ, घड्या आणि बुरशी चढवणाऱ्यांची. लोक याला वेडेपणा म्हणतात, आणि तो वेडेपणा आहेच. मात्र या वेडाला शहाणपणापेक्षा जास्त अक्कल लागते, म्हणून त्याचे जाहीर कौतुक व्हायला हवे.

आधी या कामाचा क्रम पाहा. हा माणूस फोटो काढण्यापूर्वी सेन्सरवरची धूळ ब्लोअरने उडवतो, लेन्स मऊ फडक्याने पुसतो, दाणे दिसू नयेत म्हणून आयएसओ शंभरावर ठेवतो. मग घरी येऊन फोटोशॉपच्या नॉइज मेनूतून ‘ॲड नॉइज’ निवडतो आणि तेच दाणे हाताने पेरतो. त्याच मेनूत दोन ओळी खाली ‘डस्ट अँड स्क्रॅचेस’ आहे. नाव वाचून नवखा धावत जातो. प्रत्यक्षात ते धूळ आणि ओरखडे घालवण्याचे साधन आहे. 1990 साली बाजारात आलेल्या या सॉफ्टवेअरने डाग पुसण्याची एकाहून एक साधने दिली, 2002 मध्ये हीलिंग ब्रशही दिला. डाग पाडण्याचे असे तयार बटण मात्र त्यात नाही. ते काम माणसाच्या हातात आणि नजरेत राहिले, हे मला फार मोलाचे वाटते.

कारण डाग पुसायला तो कशाचा आहे हे कळावे लागत नाही. पाडायला कळावेच लागते. निगेटिव्हवर धूळ बसली असेल तर तिथे प्रकाश अडतो आणि प्रिंटवर पांढरा ठिपका येतो. निगेटिव्हचा थर खरवडला गेला असेल तर तिथून जास्त प्रकाश जातो आणि प्रिंटवर काळी रेघ उमटते. प्रिंटच मधोमध दुमडली असेल तर वरचा थर तडकून खालचा कागद पांढरा डोकावतो. सिनेमाच्या रंगीत प्रिंटवर आणखी मौज आहे. तिथे सगळ्यात वर मॅजेंटा रंगाचा थर असतो, म्हणून वरवरचा ओरखडा हिरवा दिसतो. तो आणखी खोल गेला, सायनचा थरही गेला, की पिवळा होतो. आणि सगळेच खरवडले की पांढरा. सरसकट पांढऱ्या रेघा मारून जो मोकळा होतो, त्याने वेड अर्ध्यावर सोडले असे मी म्हणेन. सगळ्या फोटोवर एकच पिवळट झाक ओढणाराही त्यातलाच. अल्बमात बंद राहिलेला सत्तरीतला रंगीत फोटो बहुधा तांबूस होतो, कारण अंधारात सायन रंगद्रव्य आधी उडते. कोकणातल्या पावसाळ्यांनी खाल्लेल्या फोटोवर जाळीदार ठिपके पडतात, कारण फोटोच्या थरातले जिलेटिन हे बुरशीचे आवडते खाद्य. ज्याला हे माहीत आहे त्याच्या हातचा डाग ओळखू येतो.

ओरखडे मिळवायचे कुठून? विकत आणि फुकट साठे पुष्कळ आहेत. पण एकच ओरखडा शंभर लग्नांच्या अल्बमांत फिरताना दिसला की वाईट वाटते. माझ्या मते उत्तम ओरखडे घरच्या स्टीलच्या परातीवर मिळतात. वर्षानुवर्षे तारेच्या घासणीने घासलेली परात घ्यावी, खोलीत अंधार करावा, परातीत काळ्या कापडाचेच प्रतिबिंब पडेल असे कापड समोर धरावे आणि टॉर्च अगदी आडवी, काठालगत लावावी. सपाट स्टील काळे पडते आणि फक्त ओरखडे चमकतात. केसाएवढ्या रेघा, कुठे जाड, कुठे मध्येच तुटलेल्या, सगळ्या हलक्या कमानीसारख्या, कारण घासणारा हात गोल फिरत होता. याचा फोटो काढून कृष्णधवल करावा, लेव्हल्समध्ये काळे पूर्ण काळे होईपर्यंत ओढावे, मूळ फोटोवर नवा लेयर म्हणून ठेवून ब्लेंड मोड ‘स्क्रीन’ करावा. काळे नाहीसे होते, रेघा उरतात. काळ्या रेघा हव्या असतील तर तोच लेयर इन्व्हर्ट करून ‘मल्टिप्लाय’ लावावा.

इथवर कोणीही येतो. खरी तपश्चर्या लेयर मास्कवर. ओरखड्याला कारण लागते. पाकिटात ठेवलेला फोटो मधोमध दुमडतो आणि त्याचे कोपरे झिजतात. अल्बमातला कडेला अंगठ्याने मळतो. भिंतीवरचा चौकटीच्या काचेला चिकटतो. मग मास्कवर मऊ ब्रश घेऊन एकेक रेघ ठेवायची की घालवायची हे ठरवत बसावे. सिनेमाच्या फिल्मचा भास हवा असेल तर परात निरुपयोगी आहे, तिथे उभ्याच रेघा हव्यात. प्रोजेक्टरमध्ये अडकलेला खडा जागचा हलत नाही, फिल्म त्याच्यावरून धावते, म्हणून रेघ लांबीच्या दिशेने जाते आणि एकामागून एक चौकटींत जवळपास त्याच जागी राहते.

या वेडाची परंपराही थोर आहे. 1941 च्या ‘सिटिझन केन’मध्ये एक बनावट बातमीपट आहे. तो जुना दिसावा म्हणून संकलक रॉबर्ट वाइज यांनी ताजी, चांगली फिल्म फरशीवर फरफटवली आणि वाळूच्या फडक्यातून ओढून काढली. 2007 मध्ये रॉबर्ट रॉड्रिग्ज यांनी ‘प्लॅनेट टेरर’वर संगणकातून असेच घाव घातले, इतकेच काय, मध्ये एक रीळ हरवल्याचेही दाखवले. पडद्यावरच्या प्रत्येक चिरेसाठी पगार घेऊन कोणीतरी मान मोडून बसले होते.

पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि तिथल्या जुन्या चित्रपटांच्या जतनाचे काम याच्या नेमके उलट चालते: फिल्म स्कॅन करायची आणि पडलेले ओरखडे काढायचे. सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात 1,72,800. त्यातली खरी रेघ कोणती आणि नटीच्या नथीचा मोती कोणता, हे यंत्राला दर वेळी कळत नाही, माणसाला पाहावे लागते. ओरखडे काढणारा आणि घालणारा, दोघांची नजर एकाच शाळेतली आहे असे मला मनापासून वाटते. एकाला सन्मान आणि दुसऱ्याला हसू, हा अन्याय आहे.

म्हणून एक सूचना. फोटो एडिटिंगच्या वर्गांत मुरमे पुसण्यावर आणि त्वचा गुळगुळीत करण्यावर तासन् तास जातात. त्यातले काही या विद्येला द्यावेत. पहिल्या दिवशी संगणक सुरूच करू नये. मुलांना घरचा जुना अल्बम आणि एक भिंग आणायला सांगावे, आणि प्रत्येक डागासमोर तो कशाने पडला असेल हे लिहून घ्यावे.