विमानं आकाशात, प्रेक्षक सिग्नलला

बेंगळुरूजवळच्या यलहंका हवाई तळावर १९९६पासून साधारण दर दोन वर्षांनी 'एरो इंडिया' हे विमानांचं प्रदर्शन भरतं. पहिल्यांदा जाणारा पुणेकर मोठा हिशेबी. बेंगळुरूच्या मुख्य स्टेशनजवळ, मॅजेस्टिकला लॉज स्वस्त म्हणून तिथेच खोली घेतो. पुण्याहून येणारी उद्यान एक्सप्रेस यलहंक्यावरूनच जाते, तेव्हा हा गाढ झोपेत असतो. दुसऱ्या दिवशी तेच सुमारे २० किलोमीटर रिक्षाने उलटे कापताना हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची पहिली कसरत त्याला हेब्बाळच्या पुलावरून दिसते, तीही समोरच्या बसच्या टपावरून जेवढी दिसेल तेवढी.

विमानाने जाणाऱ्यांचीही सुटका नाही. कसरतींच्या वेळी आकाश राखीव, त्यामुळे जवळच्या केम्पेगौडा विमानतळाचं वेळापत्रक बदलतं. विमानं बघायला निघालेला माणूस विमानामुळेच अडकतो.

तारखांचं वेगळंच. २०२५चं प्रदर्शन १० ते १४ फेब्रुवारी. पण पहिले तीन दिवस व्यापाऱ्यांचे, सामान्यांच्या वाट्याला शेवटचे दोन. हे कळतं ते खोलीचं पाच दिवसांचं भाडं भरल्यावर.

हॉटेल तळाजवळ घेतलंच, तर ताटात मटण नाही. २०२५मध्ये महापालिकेने १३ किलोमीटरच्या परिघात मांसविक्री आणि मांसाहारी पदार्थ बंद ठेवले होते. उष्ट्या-खरकट्यावर घारी जमतात, आणि घार विमानाच्या इंजिनात शिरली की संपलंच.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी २०१९ आठवावं. पार्किंगमधलं वाळलं गवत पेटलं आणि सुमारे ३०० गाड्या जळाल्या.

पुणेकराने तेवढ्यात २०२७साठी लॉजवाल्याला फोन लावलाय. पुन्हा मॅजेस्टिकच, ओळखीने शंभर रुपये कमी होतात.