‘लिखा-पढ़ी’ नको, आपण घरचेच!

जबलपूरला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात साडीची घडी घालायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात नोकरी लागते. सेठजी विचारतात, “कल से आ जाओगे?” समोरचा म्हणतो, “जी.” झाला करार! कायद्यालाही एवढं पुरतं. 1872 चा भारतीय करार कायदा तोंडी करारालाही करारच मानतो. सेठजीही मानतात. फक्त नोकरी देताना. हिशेब द्यायची वेळ आली, की त्यांना एकदम कागदाची आठवण होते. “लिखा हुआ कुछ है क्या तुम्हारे पास?”

नाही कसं? बाजारातल्या प्रत्येकाला तो करार तोंडपाठ आहे. जनहितार्थ त्याची कलमं आम्ही इथे छापतो आहोत.

कलम पहिलं : दुकान उघडायची वेळ ठरलेली राहील. वाढवायची वेळ शेवटचं गिऱ्हाईक ठरवील. पन्नास साड्या उलगडून, एकही न घेता, “कल आते हैं” म्हणत ते उठलं, की पन्नासच्या पन्नास घड्या पुन्हा घालून मग नोकराने घरी जावं.

कलम दुसरं : पहिल्या महिन्याचा पगार गल्ल्यातच राहील. याला अडकवलेले पैसे म्हणू नये. याला विश्वास म्हणतात.

कलम तिसरं : घेतलेली उचल लाल वहीत तारीखवार लिहिली जाईल. जास्तीचे तास लिहिले जाणार नाहीत, कारण आपल्याकडे लिखा-पढ़ीची पद्धत नाही.

कलम चौथं : नोकर हा घरचा माणूस आहे. म्हणून सेठजींच्या मुलीच्या लग्नात त्याने पंगतीत वाढायला उभं राहावं. हिशेब मागितला, की त्या क्षणापासून तो बाहेरचा.

कलम पाचवं : नोकरी केव्हाही सोडता येईल. मात्र धनत्रयोदशीच्या तोंडावर नाही, लगनसराईत नाही आणि मालाची मोजणी होईस्तोवर तर नाहीच. उरलेल्या दिवसांत सेठजी बाहेरगावी असतात.

खरं तर या बाजाराला राजीनाम्याचं वावडं असायचं कारण नाही. फुहाऱ्याजवळचं कमानिया गेट 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभं आहे. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषबाबू. मिरवणुकीला बावन्न हत्ती, आणि अध्यक्ष तापाने फणफणलेले. आजारपणाची रजा त्यांनाही मिळाली नव्हती. तिथे गोविंद वल्लभ पंतांचा ठराव मंजूर झाला, की अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. आता गंमत बघा. गांधीजींनी काँग्रेसचं सदस्यत्व 1934 सालीच सोडलेलं. कागदोपत्री ते संस्थेचे कुणीच नव्हते! तरी शब्द कुणाचा चालतो, हे शेवटच्या स्वयंसेवकालाही ठाऊक होतं. एप्रिल संपायच्या आत सुभाषबाबूंनी राजीनामा दिला.

शब्द कुणाचा चालतो, हाच प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयालाही पडला. आंध्र प्रदेशातल्या ‘सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस’चं म्हणणं होतं, की शिंपी नगावर पैसे घेतात, वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, ते आमचे नोकर कसले? 1973 साली न्यायालयाने पाहिलं ते एवढंच : मशिनं बहुतेक दुकानाची, आणि शिलाई पसंत पडली नाही तर उसवून पुन्हा करायला लावायचा हक्क मालकाचा. मग नोकरच की! नेमणुकीचा कागद कुणी मागितला नाही.

आता तर 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहिता म्हणते, माणसाला काढलं असो की त्याने आपणहून सोडलं असो, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करा. आमच्या बाजारात हा काळ “दिवाली के बाद देखते हैं” असा मोजतात. कुठली दिवाळी, ते सांगायचं बंधन नाही. पगार दिला, हे सिद्ध करायची जबाबदारीही संहितेने मालकावरच टाकली आहे, आणि दावा करायला तीन वर्षं दिली आहेत.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर नेमणुकीचं पत्र देणं सक्तीचं. पाच वर्षं भरली असतील, तर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी. म्हणूनच बाजारातल्या कित्येक दुकानांत अनादि काळापासून नऊच माणसं आहेत. दहावा मोजणीच्या वेळी नेमका चहा सांगायला गेलेला असतो. पण ग्रॅच्युइटीचा कायदा एकदा दुकानाला लागला, की पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नाही, हे त्या चहावाल्या दहाव्यालाही कुणीतरी सांगावं.

राहता राहिला पुरावा. 2005 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की रोजंदारीवरच्या माणसाकडे ना नेमल्याचं पत्र असतं ना काढल्याचं. तो साक्षीला उभा राहून फार तर मालकाला हजेरीपट हजर करायला सांगू शकतो. म्हणजे कागद असतोच, फक्त सेठजींच्या खणात असतो. ती लाल वहीच बघा. ज्याला कधी नोकरीवर ठेवलंच नाही, त्याला आठ वर्षं उचल कुठल्या आनंदात दिली?

शिवाय सेठजी हल्ली मोबाइलवर आवाजी निरोप धाडतात. “ग्यारह बज गए, कहाँ मर गया?” हा निरोप नीट ऐका. यात कामाची वेळ आहे, हजेरी आहे, हुकूम आहे आणि हुकूम करणाऱ्याचा आवाज आहे. वकिलाकडून पैसे देऊन लिहून घेतलेल्या नियुक्तिपत्रातही इतकं सगळं एका ओळीत येत नाही. तेव्हा नोकरमंडळी, सेठजींचा राग पुसून टाकू नका; जपून ठेवा. उचलीचे यूपीआयवरून आलेले पैसे, लक्ष्मीपूजनाला गल्ल्यामागे उभं राहून काढलेला फोटो, हेही त्याच्याच शेजारी ठेवा.

आणि एखाद्या सकाळी सेठजी स्वतः उठून “आइए, बैठिए, चाय पिएँगे?” म्हणाले, तर हुरळून जाऊ नका. ते काल वकिलाकडे जाऊन आलेत.