खोक्यावरचे एकशेवीस

ठाण्यात माजिवड्याच्या नाक्यावर घोडबंदर रोड, नाशिकचा हायवे आणि मुंबईकडून येणारा पूर्व द्रुतगती मार्ग एकाच जागी येऊन धडकतात. ती कोंडी पार करून रविवारी संध्याकाळी कुटुंब टीव्हीच्या दुकानात शिरतं, तोवर चौकशीचा उत्साह संपलेला असतो. सेल्समनला हे पक्कं ठाऊक असतं.

समोर दोन टीव्ही. दोन्ही पंचावन्न इंची, दोन्ही फोर-के, दोन्ही पन्नास हजारांच्या आत-बाहेर. एकावर जुनं, भरवशाचं नाव. दुसऱ्यावर चिनी कंपनीचं नाव आणि शेजारी भला मोठा आकडा, १४४ हर्ट्झ. बाबांना पहिला हवा, मुलाला दुसरा. आजीला कुणी विचारत नाही.

आणि घरात सगळ्यात जास्त तास टीव्ही बघते ती आजी.

आधी तो आकडा समजून घेऊ. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो. आता पडद्याकडे येतं काय ते पाहा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. आपल्याकडचं एचडी प्रक्षेपण सेकंदाला २५ पूर्ण चित्रांचं, तीही अर्धी-अर्धी करून ५० वेळा पाठवलेली. मालिका तशीच, क्रिकेटही तसंच. मग १२० किंवा १४४ कुणासाठी?

ज्याच्या घरी पीएस-५, एक्सबॉक्स सीरीज एक्स असा गेमचा कन्सोल किंवा दमदार ग्राफिक्स कार्डाचा संगणक आहे, त्याच्यासाठी. तेही खेळ तेवढ्या वेगाने चालत असेल तर. पीएस-५ भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला. तो फोर-के चित्र सेकंदाला १२० वेळा पाठवू शकतो, पण त्याच्यावरचे बहुतेक मोठे खेळ ३० किंवा ६० वरच चालतात. जुना निन्टेन्डो स्विच तर टीव्हीला फुल एचडी आणि ६० च्या पुढे काही देतच नाही. मोबाइलवर खेळून टीव्हीवर कास्ट करणाऱ्या पोरासाठी १४४ चे पैसे मोजायचे?

एक गोष्ट मात्र १२० च्या बाजूने मांडायलाच हवी, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. ६० ला २४ ने भाग जात नाही. म्हणून साठच्या पडद्यावर सिनेमाचं एक चित्र दोनदा आणि पुढचं तीनदा दाखवावं लागतं, आणि कॅमेरा संथपणे फिरला की दृश्य अडखळतं. १२० ला भाग नीट जातो, प्रत्येक चित्र पाच वेळा. म्हणजे खऱ्या एकशेवीसचा फायदा गेम न खेळणाऱ्या सिनेमावेड्यालाही आहे.

शब्द लक्षात ठेवा. खऱ्या.

कारण खोक्यावरचं १२० खरं असेलच असं नाही. काही कंपन्या पडद्याचा मूळ वेग ६० च ठेवतात, मधली चित्रं सॉफ्टवेअरने रचून घुसवतात आणि त्याला ‘मोशन’ लावून एखादं भारदस्त नाव देतात. काही जण त्याहून पुढे जातात. साठचाच पडदा १२० ने चालवतात, पण तसं करताना उभ्या दिशेच्या २,१६० ओळींच्या निम्म्या करून टाकतात. फोर-केचे पैसे तुम्ही दिलेत, गेम लावला की अर्ध्या ओळी गायब. याला वेग म्हणायचं की वजाबाकी?

विचारायचा प्रश्न एकच आहे, ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट किती?’ उत्तरात ‘मोशन’ हा शब्द आला की समजून जा.

दुसरा सापळा मागच्या बाजूला. ‘एचडीएमआय २.१’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. २.१ च्या नियमावलीतल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे नुसत्या या लेबलावरून १२० चं फोर-के त्या भोकातून जाईलच याची खात्री मिळत नाही. जुन्या २.० ची मर्यादा सेकंदाला १८ गिगाबिट, नव्याची ४८ पर्यंत. चार पोर्टपैकी पूर्ण ताकदीचे किती? बऱ्याच टीव्हींत एक किंवा दोन. आणि पुष्कळदा त्यातल्याच एकाला साउंडबार जोडायचा असतो. कन्सोल आणि साउंडबार एकाच भोकासाठी भांडत बसतात, आणि हे कळतं भिंतीला टीव्ही ठोकून झाल्यावर.

गेम खेळणाऱ्याने हर्ट्झच्या आधी बघायची गोष्ट वेगळीच आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर गोळी सुटेपर्यंतचा उशीर. चित्र सजवण्याच्या नादात टीव्ही पन्नास, कधी शंभर मिलिसेकंदही खातो. गेम मोड लावला की चांगल्या टीव्हीत हाच उशीर वीसच्या खाली येतो. तीच किंमत, तोच पडदा, सेटिंगमधला एक पर्याय. कित्येक घरांत तो कधी उघडलाच जात नाही.

मुलगा हरतो आणि दोष कंट्रोलरला.

आता आजीकडे येऊ. तिचं चॅनेल सेट टॉप बॉक्समधून येतं आणि पॅकेज स्वस्तातलं असेल तर साध्या एसडीत येतं. त्या मोजक्या ओळींमधून फोर-केचा अख्खा पडदा भरायचा म्हणजे टीव्हीच्या प्रोसेसरची परीक्षा. इथे स्वस्तातला १४४ वाला बऱ्याचदा मार खातो, चेहरे मेणचट दिसतात, खालची पट्टी थरथरते. सोनीसारखी कंपनी या कामात पुढे आहे, आणि जुन्या नावासाठी जादा पैसे द्यायचं हे एक रास्त कारण आहे. दुकानात मात्र दाखवतात काय? मोर, ज्वालामुखी आणि कापलेली फळं. घरी कोण बघतं हे?

तिथेच सांगा, मराठी चॅनेल लावा, साधं एसडी. लावणार नसतील तर पेन ड्राइव्हवर स्वतःचा व्हिडिओ न्या, लग्नाचा चालेल. शोरूमचा भडक मोड बंद करायला लावा. दोन मिनिटांत दोन्ही टीव्हींचं पितळ उघडं पडतं.

आजीचा आणखी एक मुद्दा आहे, बसण्याचा. ती समोर बसत नाही, कडेच्या दिवाणावर बसते. व्हीए जातीचं पॅनेल समोरून सुरेख काळोख दाखवतं, पण बाजूने रंग फिके पडतात. आयपीएसचं पॅनेल कडेनेही नीट दिसतं, पण रात्री दिवा मालवून सिनेमा लावला की त्याचा काळा रंग करडा होतो. दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, निदान या किमतीत नाहीत. मग दुकानात सरळ उभं राहून टीव्ही निवडायचा कशाला? चार पावलं बाजूला सरका आणि दिवाणाच्या कोनातून बघा.

एचडीआर, म्हणजे उजेड-काळोखातला मोठा फरक दाखवणारं चित्र. हे लेबल तर प्रत्येक खोक्यावर असतं. त्याचा अर्थ इतकाच की टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो. दाखवता येतो का, हा प्रश्न वेगळा. तीन-साडेतीनशे निट्स उजेडाचा पडदा आणि मागे सगळीकडे एकसारखा उजेड, यात एचडीआर काय दिसणार? सहाशेच्या वर निट्स आणि मागचा उजेड तुकड्यातुकड्यांनी कमी-जास्त करणारी सोय असेल तर फरक डोळ्यांना जाणवतो. अशी सोय असलेले चिनी नावाचे मिनी-एलईडीवाले टीव्ही याच ठिकाणी जुन्या नावांना घाम फोडतात.

‘चिनी नको’ म्हणणाऱ्या बाबांसाठी माहिती. सॅमसंगच्या पॅनेल कंपनीने सुझौचा आपला एलसीडी कारखाना चिनी टीसीएलच्या कंपनीला विकायचं २०२० मध्ये जाहीर केलं. एलजीच्या पॅनेल कंपनीने ग्वांगझौचा कारखाना २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या ताब्यात दिला. नाव कोरियाचं, काच कुठली? थॉमसन, कोडॅक आणि ब्लाउपुंक्ट ही नावं विलायती, पण भारतात त्यांचे टीव्ही बनवते नोएडाची एकच कंपनी. भाड्याने घेतलेल्या नावावर किती विसंबायचं?

आपलंही एक नाव होतं. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावात व्हिडिओकॉनचे टीव्ही बनत होते, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी पहिला रंगीत टीव्ही त्यांचाच घेतला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नाव घरोघरी असणं आणि कंपनी टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी ग्राहकाला आणखी कुणी शिकवायची गरज नाही.

म्हणून नावापेक्षा पॅनेलची वॉरंटी वाचा. एक वर्ष की तीन? पॅनेल गेलं तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जाऊ शकतो. माजिवड्यात माणूस कधी येईल, डोंबिवलीत राहणाऱ्या बहिणीकडे कधी येईल, हे विचारा. ‘येतील, मॅडम’ ही वॉरंटी नव्हे.

किमतीचंही बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी करासकट ५०,००० ला मिळणारा टीव्ही, बाकी काहीही न बदलता, ४६,१०० च्या आसपास यायला हवा. तेव्हा ‘चार हजारांची भव्य सूट’ अशी पाटी दिसली की विचारा, ही सूट दुकानाची की सरकारची?

त्याच पैशात हलका पासष्ट इंची देतो म्हणाला तर? टॉवरमधल्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा आणि पडदा यांच्यात सात-आठ फूट उरतात. त्या अंतराला पंचावन्न नेमका आहे. वरच्या दहा इंचांसाठी पॅनेलची प्रत घालवायची नाही. आणि तो खोका उभाच न्यायचा असतो, सोसायटीच्या लिफ्टची लांबी-रुंदी आधी मोजा.

आवाजाबद्दल थोडंच. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. वर पंखा पाचवर, बाहेर रात्रीचे नाशिककडे निघालेले ट्रेलर. साउंडबारचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा.

मग घ्यायचा कोणता?

घरात पीएस-५ किंवा तसा संगणक आहे, किंवा वर्षभरात नक्की येणार आहे, तर नेटिव्ह १२० किंवा १४४ चा मिनी-एलईडी घ्या. नाव कुठल्याही देशाचं असो. डोळे मिटून घ्या असं मात्र म्हणणार नाही, मागचे पोर्ट मोजून घ्या. कन्सोल नाही आणि येण्याची चिन्हंही नाहीत, दिवसभर मालिका, बातम्या आणि संध्याकाळी क्रिकेट, तर जुन्या नावाचा, चांगल्या प्रोसेसरचा साठ हर्ट्झवाला घ्या. मुलगा रुसेल. टीव्ही सहा-सात वर्षं चालायचाय, रुसवा आठवडाभर.

दोघांचंही समाधान करायचं म्हणून सॉफ्टवेअरने १२० केलेला साठचा टीव्ही मात्र घेऊ नका. त्यात आजीला चेहरा मिळत नाही आणि नातवाला वेग.

आणि बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या, इंचासकट. एकाच मालिकेतल्या ४३ आणि ५५ इंचीचे पॅनेल आणि वेग वेगळे असू शकतात. नेटिव्ह रिफ्रेश रेट दुकानदाराकडून लेखी मागा. सांगितलेलं एक आणि निघालेलं दुसरं असेल तर गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.