व्हर्नियरवाले काका

टूलरूममध्ये 35 वर्षं काढलेला माणूस निवृत्त झाला की कारखाना त्याला शाल-श्रीफळ देतो. व्हर्नियर कॅलिपर मात्र त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला असतो, आणि हे तो न विचारता चारदा सांगतो. अशा काकांची एक जातच आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये तर प्रत्येक सोसायटीत एक असतोच.

आमचे तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट फरशीच्या किती खाली थांबते, हे लिफ्टवाल्याआधी त्यांना माहीत असतं. सुतार "सूतभर कमी पडतंय" म्हणाला की ते मनापासून दुखावतात. "सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 3.175 मिलिमीटर! त्याला 'भर' काय लावतोस?" सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं पुष्कळ भेटतात, काका सुतापाशीच मुक्काम करतात.

गेल्या डिसेंबरात न्यू जर्सीच्या भाचीच्या बाळंतविड्यासाठी काकूंनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. अशा डब्यात बिस्किटं कधीच नसतात, हे माहीत असूनही मी वाकून पाहिलं. आत विणायच्या सुया होत्या. काही सासूबाईंच्या, काही आईच्या, काही परत द्यायच्या राहून गेलेल्या. सुईचा नंबर असतो टोपीवर, आणि टोप्या केव्हाच निघून गेलेल्या. त्या जागी कुठे लाख, कुठे मणी, एकीला तर पेनाचं बूच. मोज्यांच्या दोन्ही टोकांना निमुळत्या सुयांना मुळात टोपीच नसते, त्यामुळे त्या जन्मापासूनच निनावी. काकू एकेक सुई चिमटीत फिरवायच्या, "ही दहा, ही आठ" म्हणायच्या आणि बाजूला ठेवायच्या.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कशावरून?"

"हाताला कळतं."

ज्या घरात व्हर्नियर आहे त्या घरात हे बोलू नये.

दुपारी मला बोलावणं आलं. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, शेजारी लाल कापडी बांधणीचं रजिस्टर. मी लिहायचं, काका मोजणार. सुई टोकाशी निमुळती, म्हणून माप मधोमध घ्यायचं. प्लास्टिकची जबड्यात दबते, म्हणून तिला नुसतं शिवायचं. आणि पाव वळसा फिरवून पुन्हा मोजायचं, कारण जुनी सुई गोल असेलच असं नाही. एक सुई आडवी 3.9 आणि उभी 4.1 निघाली. "ओव्हल आहे," काका हळू आवाजात म्हणाले. तिच्या माहेरी कळवावं की नाही, असा तो आवाज होता.

पण चार मिलिमीटरची ती आठ आणि सव्वातीनची ती दहा, हे काकूंचं बरोबर निघत होतं. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. "उलटंच आहे की," मी म्हणालो.

काका ताडकन उठले. "उलटं कसलं? वायर गेज आहे हे! तार जितक्या जास्त भोकांतून ओढाल तितकी बारीक, तितका नंबर मोठा." विलायती तारेचे नंबर सुयांना चिकटले ते आपल्याकडे आजतागायत राहिले. ज्या गेजवर जन्म काढला ते बायकोच्या बिस्किटांच्या डब्यात निघालं, याने काका हळवे झाले. "अगं, तू आमच्याच खात्यातली!"

काकू टाके मोजत होत्या. त्यांनी उत्तर दिलं नाही.

मग भाचीने अमेरिकेहून पाठवलेली जोडी निघाली. तिच्यावर ठळक 8 छापलेलं, आणि माप 5 मिलिमीटर! तिकडे नंबर वाढतो तशी सुई जाड होते. म्हणजे तिकडची आठ ती आपली सहा, आणि तिकडची सहा ती आपली आठ. रात्री अकराला काकांचा फोन आला. "बेरीज कर. 14! सातवर तर दोन्ही देशांचं एकमत आहे. सूत्र सापडलं." सकाळी जिन्यात भेटले तेव्हा चेहरा उतरलेला. आपली दहा तिकडे तीन निघाली होती. बेरीज 13. "बारीक सुयांना शिस्त नाही," एवढंच बोलून ते दूध आणायला गेले.

चार दिवसांनी प्रत्येक सुईला कागदी झेंडी लागली. पुस्तकात 10 नंबर सांगितला होता. काकूंनी 11 उचलली.

"अगं, दहा लिहिलंय ना?"

"माझा हात सैल आहे. मी एक नंबर बारीकच घेते." चार इंचांचा नमुना विणून त्यांनी टाके मोजले. मोजायला घेतली ती शिवणाची टेप, जिचं पहिलं इंच केव्हाच तुटलेलं आहे. काका गॅलरीत गेले.

शेवटी चार सुया उरल्या. सारख्याच, निनावी, 2.03 मिलिमीटर. "चोख 14 गेज," काका खुलले. मग भिंग लावलं. एका टोकाशी आटे घासून काढल्याची खूण होती.

"या कुठून आणल्यास?"

"पोराच्या मोज्यांना 14 नंबर मिळत नव्हती तेव्हा," काकू म्हणाल्या. "तुमच्या सायकलचे स्पोक. दोन मागच्या चाकाचे, दोन पुढच्या. एकाच चाकावर भार नको म्हणून."

"काढले कुणी?"

"कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने. घासूनसुद्धा त्यानेच दिले."

चाक सारखं आऊट होतं म्हणून काका महिन्याला ज्याच्याकडे जात आणि पैसे मोजून येत, तोच हा सायकलवाला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकांनी रजिस्टर माझ्या हातून ओढून घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: मागील चाक, 40 पैकी 38. पुढील चाक, 32 पैकी 30.