नानांची फिरती कंबर

तुमच्याकडेही एक असणारच. सोसायटीत असेल, ऑफिसात असेल, नाहीतर सासरच्या गोतावळ्यात असेल. पायात पांढरेशुभ्र बूट, अंगात कुठल्यातरी मॅरेथॉनचा टी-शर्ट (धावला होता मुलगा), आणि तोंडी एकच वाक्य : "बाकी सगळं व्यवस्थित आहे हो, फक्त एवढंच कमी करायचंय." 'एवढंच' म्हणताना दोन्ही हातांच्या चिमटीत कंबरेचे दोन टायर धरून दाखवायचे. शेजारी गावाला जाताना ट्रंक ठेवून गेले आणि परत न्यायलाच आले नाहीत, अशी तक्रार त्या सुरात असते.

आमच्या वाट्याला आलेले नाना पर्वतीवर भेटतात. भेटतात म्हणजे गाठतात. त्यांच्या ट्रॅकपँटच्या उजव्या खिशात टेप असते. शिंप्याची, पिवळी, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. कोणत्या दिवशी कोणती बाजू वाचायची, हे आदल्या दिवशी काय खाल्लं त्यावर ठरतं. आकडा लहान वाटावा म्हणून बहुतेक वेळा इंचच.

पर्वतीला १०३ पायऱ्या. नानासाहेब पेशव्यांनी वरचं देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं १७४९ साली. तेव्हा लोक देवासाठी चढत असावेत. आता पहाटेपासून निम्मं पुणं कंबरेसाठी चढतं आणि वर आलोच आहोत तर देवालाही हात जोडतं. आमचे नाना पायथ्याशी एकदा मोजतात आणि वर पोचल्यावर पुन्हा. वर नेहमी अर्धा इंच कमी भरतो. "बघितलंत?" म्हणून ते टेप आमच्या नाकासमोर धरतात. १०३ पायऱ्यांना अर्धा इंच, या दराने नाना सिंहगड चढले असते तर माथ्यावर पोचेपर्यंत शिल्लकच राहिले नसते.

यातली मेख अशी की नानांची कंबर एका जागी राहत नाही. एरवी ती बेंबीपाशी असते. दिवाळीचा फराळ झाला की दोन बोटं वर सरकते. गणपतीत, मोदकांनंतर, मी ती जवळजवळ छातीच्या बरगड्यांवर पाहिली आहे. लग्नसराईत ती उलट खाली उतरते, पोटाच्या खाली, जिथे पँटचा पट्टा असतो. "निवृत्त झालो तेव्हाही चौतीसची पँट, आजही चौतीसचीच!" असं नाना छातीठोकपणे सांगतात आणि ते खरंही आहे. पोट पट्ट्याच्या वरून बाहेर पडलेलं असल्यामुळे ते पँटच्या हद्दीत येतच नाही.

कंबर मोजायची खरी जागा ठरलेली आहे. सगळ्यात खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा काठ, या दोहोंच्या बरोबर मध्ये. टेप आडवी हवी, आवळलेली नको. आणि आकडा वाचायचा तो नेहमीसारखा श्वास सोडल्यानंतर. नाना आकडा वाचतात तो श्वास पूर्ण आत ओढून, डोळे वटारून, गाल निळसर पडायच्या बेतात असताना. त्या अवस्थेत त्यांना कोणी काही विचारलं तर उत्तर मिळत नाही, नुसती मान हलते.

'एवढंच' कमी करण्यासाठी नानांनी काय केलं नाही? हातात डंबेल घेऊन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकून झालं. कंबरेभोवती प्लॅस्टिक गुंडाळून चालून झालं. रात्री उशिरा टीव्हीवर दिसणारा, थरथरणारा पट्टा मागवून झाला. तो पट्टा लावून नाना सोफ्यावर बसले की त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे माईंच्या म्हणण्याप्रमाणे शोकेसमधल्या कपबश्या वाजायच्या. आता त्या पट्ट्याने माईंनी माळ्यावरची जुनी गादी करकचून बांधून ठेवली आहे. गादीचा घेर खरंच कमी झाला.

या साऱ्यामागे नानांची एक श्रद्धा आहे : जिथे दुखतं तिथे झिजतं. मी एकदा त्यांना तिसाव्या पायरीवर बसवून समजावलं. म्हटलं, नाना, १९७१ साली टेनिस खेळणाऱ्यांचे दोन्ही हात तपासले होते. खेळणारा हात स्नायूंनी भरलेला, पण चामडीखालचा चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच निघाला. मग १९८४ साली काही जणांकडून २७ दिवसांत ५००४ उठाबशा काढून घेतल्या, पोटाच्या, म्हणजे उताणं निजून उठायच्या. नंतर पोट, पाठ आणि बसायची जागा, तिन्हीकडची चरबी सुईने काढून पाहिली. पोटावरच्या पेशी जेवढ्या आक्रसल्या तेवढ्याच पाठीवरच्या. पोटाने एवढे कष्ट केले, पण वेगळं काही मिळालं नाही.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुईने? टेप का नाही लावली?"

मी तरी सोडतो की काय. म्हटलं, काम करणारा स्नायू शेजारच्या चरबीला हात लावत नाही. सगळ्या अंगातली चरबी थोडी थोडी रक्तात उतरते आणि ज्याला हवी त्याला तिथून मिळते. कुठली आधी उतरायची हे आईबाप, वय आणि संप्रेरकं ठरवतात, डंबेल नाही. त्यात कंबर-नितंबावरच्या पेशी भारी चिवट. शरीराचा हुकूम आला की त्यांच्यात 'सोड' म्हणणाऱ्यांपेक्षा 'धर' म्हणणारे जास्त. म्हणून तिथलं शेवटी जातं.

हे 'शेवटी' नानांनी प्रत्यक्ष भोगलं आहे. मध्यंतरी त्यांनी खरोखर चार किलो घालवले. गेले कुठून? गालांवरून, मानेवरून, मनगटांवरून. टायर जागच्या जागी. महिनाभर त्यांना वाटेत भेटेल तो विचारायचा, "नाना, बरं नाही का?" एका जुन्या सहकाऱ्याने तर माईंना बाजूला घेऊन, "रिपोर्ट काय म्हणतायत?" असं हलक्या आवाजात विचारलं. नाना इतके खचले की थेट मिसळीच्या दुकानात गेले. गाल परत आले. पुढचे बरेच दिवस टेप खिशातून निघाली नाही.

खाण्याच्या बाबतीत नाना सर्वधर्मसमभावी आहेत. महाराष्ट्रात मध्ये काही वर्षं घराघरांत दीक्षित की दिवेकर असा वाद पेटला होता, आठवतो ना? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणायचे, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर म्हणायच्या, आपल्या आजीचा तूप-भात आहे, घाबरता काय? त्यावरून साखरपुडे मोडले नसले तरी पंगती मोडल्या. नानांनी भांडण कोणाशीच घेतलं नाही. ५५ मिनिटं दीक्षितांची घेतली आणि तूप दिवेकरांचं. ५५ मिनिटं ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही, हे त्यांना माईंनी सांगून पाहिलं. नाना घड्याळ लावून पूर्ण वेळ जेवायचे.

मग एकदा मी त्यांना सांगितलं की चरबी घामातून जात नाही, बहुतांशी श्वासातून जाते. २०१४ साली दोघांनी हिशेब मांडला : दहा किलो चरबी जळली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर पडते, उरलेल्याचं पाणी होतं. सांगताना माझा हेतू चांगला होता. दुसऱ्या दिवशी पर्वतीच्या कठड्यापाशी नाना उभे राहून भात्यासारखं फुस्स-फुस्स करत होते आणि आजीबाईंचा भजनाचा गट लांबून वळसा घालून चालला होता. नुसतं फुंकून काही होत नाही, आधी चरबी जळावी लागते, त्यासाठी मुळात हलावं लागतं. तासभर भरभर चाललं तर अडीचशे-तीनशे कॅलरी. किलोभर चरबीत ७७०० च्या आसपास. मी हा भागाकार करेपर्यंत नानांनी टेप काढली होती.

माईंचं प्रकरण वेगळं. नानांनी एकदा त्यांच्यापुढेही टेप धरली. "माझी कंबर माझी मी बघेन, तुम्ही आधी पिठाचा डबा खाली काढा," एवढंच उत्तर मिळालं. बायकांच्या नितंबांवरची, मांड्यांवरची चरबी ही शरीराने बाळंतपणासाठी आणि अंगावर पाजण्यासाठी राखून ठेवलेली शिल्लक. ती दिसते जास्त, पण त्रास देते त्या मानाने कमी. घातक असते ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती, यकृताभोवती बसलेली. ती चिमटीत येत नाही. गंमत म्हणजे चालण्या-पळण्याला तीच आधी दाद देते. नाना चिमटीतली मोजत बसतात.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस पूर्ण निरुपयोगी आहे. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण नाइलाजाने एक गोष्ट सांगावी लागते.

पर्वतीच्या पायथ्याशी एक रिक्षावाले उभे असतात. हातपाय काड्या, गालफडं बसलेली. नानांनी त्यांना टेप लावली तेव्हा आम्ही हसलो. त्यांचं काय मोजता? ९४ सेंटिमीटर निघाले. शर्ट सैल असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आपल्याकडच्या पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९० वर धरतात, बायकांसाठी ८० वर. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षं हेच सांगत आले आहेत की आपण दिसायला बारीक आणि आतून चरबीदार. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. वजनकाट्याला जे दिसत नाही, ते टेपला थोडंफार दिसतं.

नानांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त नव्वदचा आकडा ठाऊक होता. "नव्वदच्या वर गेलात, साखर तपासा," असा त्यांनी धोशा लावला. रिक्षावाले टाळत राहिले, तर एका सकाळी त्यांना उपाशीपोटी लॅबमध्ये घेऊन गेले आणि पैसेही स्वतः भरले. साखर चांगलीच वाढलेली निघाली. आता ते गृहस्थ गोळ्या घेतात, पर्वती चढतात, आणि नानांकडून भाडं घ्यायला नकार देतात. नाना मीटरप्रमाणे पैसे सीटवर टाकून उतरतात. रोज भांडण होतं.

त्या दिवशी मी एक पाहिलं. रिक्षावाल्यांना मोजताना नानांनी टेप बरगडी आणि हाडाच्या बरोबर मध्ये लावली होती, आडवी, न आवळता. आणि स्पष्ट म्हणाले होते, "श्वास सोडा. सोडा की! पोट आत ओढून कोणाला फसवताय?" म्हणजे जागा माहीत होती. श्वासाचंही माहीत होतं. सगळ्या पर्वतीची कंबर ते चोख मोजत होते, फिरती होती ती फक्त त्यांची स्वतःची.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा नाना रागावले नाहीत. म्हणाले, "धाकट्याला मोजायचं राहिलं. त्याचं पोट माझ्याहून कमी दिसायचं." धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. तो बावन्नाव्या वर्षी गेला, हे मला तेव्हा कळलं. पुढे नाना काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर कधीतरी त्यांनी माझ्या हातात टेप दिली आणि म्हणाले, "घ्या, तुम्हीच लावा." मी लावली, मधोमध. नानांनी श्वास सोडला. १०३ सेंटिमीटर. "पायऱ्यांएवढेच," असं म्हणून ते स्वतःच हसले आणि आकडा वहीत लिहिला. इंचात नाही, सेंटिमीटरमध्ये. डंबेलं आता गॅलरीत कुंड्यांच्या टेकूला आहेत. नाना तळजाईपर्यंत चालतात, घरी माईंबरोबर सूर्यनमस्कार घालतात, आणि जेवण पंचवीस मिनिटांत आटपतात. परवा वहीत ९८ होते. टायर आहेत अजून, चिमटीत धरून दाखवतातही.

तेव्हा पर्वतीला आलात आणि पांढरे बूट घातलेला एक इसम पिवळी टेप काढत तुमच्याकडे येताना दिसला, तर कृपा करून पळू नका. दोन मिनिटांचं काम आहे. उभे राहा, शर्ट वर करा, आणि श्वास सोडा.